जोडीचं रक्त

"याला टोचलास तं त्याला पन टोच," मथी म्हणाली आणि किसनचा हात माझ्या हातातून सोडवून तिने पदराखाली घेतला.

मी सुई धरून तशीच उभी राहिले. वॉर्डातल्या बाकीच्या आया आपापल्या खाटांवरून मजा बघत होत्या. डोंगरातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कुपोषित मुलांसाठी हा वॉर्ड काढला होता, आणि मी तिथली लॅब टेक्निशियन होते. माझी लॅब म्हणजे जिन्याखालची एक खोली, तिच्यात एक मशीन, एक फ्रिज आणि मी. पांढरा कोट घालून मी वॉर्डाच्या दारात दिसले की पोरं एका सुरात भोकाड पसरायची. आया त्यांना दटावायच्या, "गप, नायतर रगतवाली येल." म्हणजे माझं नाव घेऊनच पोरं गप्प केली जायची. सांगलीहून एवढ्या लांब येऊन मी कमावलेली कीर्ती ही.

"अगं, आजारी हा आहे," मी मथीला म्हणाले. "तो चांगला गुटगुटीत आहे. त्याला कशाला टोचायचं?"

"जोडीचे हायेत ते. एकाच्या आंगाला काय केला का दुसऱ्याच्या पन करायचा. काळा धागा बांधला तं दोघांना. तापल्या विळ्याचा डाग दिला तं दोघांना. नायतर ज्याला नाय केला, तो रुसतो."

"रुसतो म्हणजे?"

"रुसतो म्हंजे जातो," ती म्हणाली.

तिथे सगळ्यांनाच अगं-तुगं असायचं, डॉक्टर असो की मामलेदार. सुरुवातीला मला राग यायचा, मग सवय झाली. पण कुणी माझ्या कामात लुडबुड केली की मात्र माझं डोकं फिरायचं. दोन वर्षांची जुळी पोरं. एकाच्या बरगड्या मोजून घ्याव्यात, आणि दुसऱ्याचे गाल असे की कुणीही ओढावेत. त्या धडधाकट पोराला उगाच भोसकायचं म्हणजे काय?

त्या धडधाकट पोराला, महादूला, घेऊन बाप दाराशी उभा होता. पदू निरगुडा. उंच, काटक, कमी बोलणारा ठाकर. उद्या सकाळी मुकादमाचा ट्रक येणार होता आणि वाडीतली माणसं वीटभट्टीवर जाणार होती. ठरलं होतं असं, की मथीने किसनला घेऊन दवाखान्यात राहायचं आणि पदूने महादूला घेऊन भट्टीवर जायचं. तिथे पदूची बहीण होती, ती त्याला बघणार होती.

"टोच बाय," पदू म्हणाला. "तो काय रडायचा नाय. मरद हाय."

नाइलाजाने मी दोघांचं रक्त काढलं. किसन असा किंचाळला की खिडकीवरची कबुतरं उडाली. लाथा झाडल्या, माझा कोट ओढला, मथीच्या दंडाला चावला. महादू मात्र बापाच्या मांडीवर बसून राहिला. सुई आत गेली, बाहेर आली, मी कापूस दाबला. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान वळवली. त्याचे भुरे केस खिडकीतल्या उन्हात सोनेरी दिसत होते.

खोटं कशाला सांगू, मला तो फार आवडला. दवाखान्यात आल्यापासून माझ्याकडे बघून न रडलेलं ते पहिलंच पोर. मी खिशातून बिस्कीट काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते नुसतं धरून ठेवलं.

"शहाणं बाळ आहे," मी म्हणाले.

"लय शाना," मथी म्हणाली. "आख्खी वाडी त्याला उचलून घेते. यो किसन रातदिस किरकिर करतो."

महादूची नळी फेकून द्यायची, असं मी मनात ठरवलं होतं. पण लॅबमध्ये गेल्यावर हात आपोआप चालतात. दोन्ही नळ्यांवर नावं लिहिली, दोन्ही मशीनमध्ये फिरवल्या, वर आलेलं पिवळं पाणी वेगळं काढलं. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन तपासायचं असेल तर त्यात एक पिवळसर औषध घालतात. अल्ब्युमिन जितकं जास्त, तितका रंग हिरवा होतो. मशीन आकडा देतंच, पण सवयीच्या डोळ्याला आधीच कळतं.

किसनची नळी चांगली हिरवी झाली. महादूची पिवळीच राहिली.

मी नळ्या उजेडाकडे धरल्या. नावं पुन्हा वाचली. मशीनचा आकडा आला: किसन सव्वातीन, महादू दीड. पोटभर जेवणाऱ्या पोराचं साडेतीन-चार असतं. म्हणजे ज्या पोराला उचलताना हाडं टोचतात त्याचं रक्त बरं, आणि गोल गालांचा मरद जवळजवळ रिकामा.

नळ्यांची अदलाबदल झाली, दुसरं काय. माझ्या हातून असं कधी होत नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. त्यामुळे जास्तच चरफडले. पुन्हा तपासलं, तेच. नवीन औषध उघडून तपासलं, तरी तेच. मग मला आठवेनाच की सुई आधी कुणाला टोचली होती. किसन ओरडला तेव्हा माझ्या हातात कुठली नळी होती? तासाभरापूर्वीची गोष्ट, आणि डोक्यात नुसता गोंधळ.

तो कागद घेऊन मी डॉक्टर खोब्रागडेंकडे गेले. डॉक्टर नागपूरकडचे, नुकतेच पास झालेले. चेहरा कॉलेजातल्या मुलासारखा, पण काम मनापासून करायचे. ते कागदाकडे बघत राहिले.

"मॅडम, नळ्या बदलल्या तुम्ही."

"नाही बदलल्या." मी हे इतक्या जोरात म्हणाले की मलाच ते खोटं वाटलं. "म्हणजे, बदलल्या असतील. मला कळत नाहीये."

"त्या दुसऱ्या पोराचं रक्त काढलंच कशाला? तो भरती तर नाही."

मी मथीचं म्हणणं सांगितलं, जोडीचं, रुसण्याचं. मला वाटलं ते हसतील. पण ते खुर्चीत मागे टेकले.

"टोचलं तेव्हा तो रडला का?"

"नाही. एकदम शहाणं पोर आहे."

"हूं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली. मला तो प्रश्नच कळला नाही.

सकाळी आम्ही वॉर्डात गेलो तेव्हा पदू निघायच्या तयारीत होता. दवाखान्याच्या फाटकाबाहेर ट्रक उभा होता. मागे माणसं, भांडी, कोंबड्या, गोधड्या. मुकादम हॉर्न वाजवत होता. महादू बापाच्या खांद्यावर होता.

"याला जरा खाली बसव," डॉक्टर म्हणाले. त्यांनी महादूचं पाऊल हातात घेतलं, वरच्या बाजूला अंगठा दाबून धरला आणि मग काढला.

अंगठ्याचा खळगा तसाच राहिला. मळलेल्या कणकेत बोट रुतवावं तसा.

"आता तुझा पाय दे," डॉक्टर पदूला म्हणाले आणि त्याच्या पायावर तसाच अंगठा दाबला. काही नाही. मग किसनच्या पायावर. तिथे दाबायला मांसच नव्हतं, पण खळगाही पडला नाही. पदू खाली बसला आणि त्याने स्वतःचा अंगठा महादूच्या दुसऱ्या पायावर दाबला. तिथेही खळगा पडला. तो बराच वेळ त्या दोन खळग्यांकडे बघत राहिला. बाहेर हॉर्न वाजतच होता.

"आत हवा हाय?" त्याने विचारलं.

"पाणी आहे. गालात, पायात, सगळीकडे. हा जाडा नाही, सुजलेला आहे. रक्तात एक गोष्ट असते, ती पाण्याला नसांमध्ये धरून ठेवते. याच्या रक्तात ती फार कमी राहिली."

"आन किसनच्यात?"

"त्याच्यात बरी आहे."

"तो तं वाळून काडी झालाय."

"हो. तो वाळला, हा सुजला. दोघंही उपाशीच आहेत, पण हा जास्त आजारी आहे."

पदूने माझ्याकडे बघितलं, जणू मी काहीतरी वेगळं सांगेन. पण मीच चक्रावले होते. एक आई, एक चूल, एकाच वेळचा जन्म. मी डॉक्टरांना मध्येच विचारलं, "पण एक वाळतो आणि एक सुजतो, असं का?"

"ते कुणालाच नीट माहीत नाही मॅडम," ते म्हणाले. "पुस्तकवालेही अजून भांडून राहिले." मग ते मथीकडे वळले. "घरी खायला कसं देता?"

"जो रडेल त्याला," मथी म्हणाली. "पेज झाली का जो मागंल त्याला पयली. किसन बोंबलतो, मंग त्याला देते. अंगनवाडीतला अंडा पन त्यालाच. यो मागतच नाय. याला भूकच नाय लागत."

"आणि ते जोडीचं? एकाला केलं की दुसऱ्याला?"

"ता आंगाचा. धाग्याचा, सुईचा. भूक ज्याची त्याची," ती म्हणाली. तिला या प्रश्नाचं नवलच वाटलं.

डॉक्टर पदूसमोर उकिडवे बसले. "भट्टीवर नेलास तर हा परत येणार नाही. साधा ताप आला तरी जाईल. दोघांना इथे ठेव."

"बरा कधी व्हईल?"

"आधी बारीक होईल. पाणी उतरेल, वजन कमी होईल. मग हळूहळू भरेल."

"बारीक व्हईल?" पदू उभा राहिला. "किसन बारीक हाय म्हनून त्याला हितं आनला. तू सांगतंस, याला बारीक करनार. मंग यो औषध कसला?"

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. मीही समजावलं, मला जेवढं कळलं होतं तेवढं, म्हणजे फारसं नाही. शेवटी पदूने महादूला मथीच्या खाटेवर ठेवलं.

"बाजाराच्या दिशी येतो," तो म्हणाला. "यो हाय त्याहून वाळला, तं दोघांना घेऊन जाईन. मंग कोन काय बोलायचा नाय."

तो गेला. ट्रक घाट चढेपर्यंत हॉर्न ऐकू येत होता. डॉक्टर म्हणाले, "झालं. वाळणार तर आहेच तो."

त्यानंतरचे दिवस मला आजही नीट उलगडत नाहीत. सुरुवातीला महादूला दर दोन तासांनी वाटीभर पातळ दूध द्यायचं, बस. मथी भांडायची, उपाशी पोराला एवढंसंच का म्हणून. मला तिचं पटायचं. डॉक्टर म्हणायचे, अशा पोराला एकदम भरपूर दिलं तर त्याचं हृदयच बंद पडेल. मग मला डॉक्टरांचं पटायचं. पुन्हा वॉर्डात गेले की मथीचं.

मग महादू सारखी लघवी करायला लागला. फडकी वाळत घालायला जागा पुरेना. रोज काट्यावर वजन कमी भरायचं. पावलं उतरली, मग पोटऱ्या, मग चेहरा. गालांच्या मागून एक म्हातारा चेहरा बाहेर आला. डोळे मोठे झाले, मान बारीक झाली, बरगड्या दिसू लागल्या. मथी त्याला मांडीवर घेऊन तासन् तास बघत बसायची. एका दुपारी मी समोरून जाताना तिने मला हाक मारली.

"बाय, खरा सांग. तू त्याचा रगत नेलास, त्यानं वाळला का तो?"

"थोडंसंच तर नेलं मथी. चमचाभर."

"त्याच्यात किती व्हता, ता तुला ठावं?"

 तिचा प्रश्न वेडगळ होता, आणि दीडचा आकडा मीच काढला होता.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी पुन्हा दोघांचं रक्त काढलं. आता मी स्वतःच दोघांचं काढत होते. मनाशी म्हटलं, महादूची नळी हिरवी होईल आणि मी ती पदूला दाखवीन. हे बघ, वाळला असेल पण रक्त भरलंय. त्या माणसाला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी दाखवायला हवं होतं. किसन नेहमीसारखा बोंबलला. महादू पडून होता. सुई टोचताना त्याने ओठ किंचित मुडपले, बस.

नळी पिवळीच राहिली. थोडी हिरवट झाक होती, पण ती माझ्याच डोळ्यांची हौस असेल. आकडा पावणेदोन.

"सूज उतरली, मग हे का चढलं नाही?" मी डॉक्टरांना जवळजवळ ओरडूनच विचारलं.

"हे सावकाश चढतं. कितीतरी आठवडे लागतात."

"मग सूज कशी गेली? तुम्हीच म्हणालात ना, हे कमी म्हणून सूज?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "नाही माहीत मॅडम. आधी सूज जाते, मग हे चढतं. असंच होतं, एवढं माहीत आहे. का ते नाही सांगता येणार."

मला त्यांचा राग आला. मग वाटलं, निदान खोटं तरी बोलले नाहीत. पण उद्या पदूला काय दाखवायचं? पोर वाळलंय, वजन घटलंय, रक्त जिथल्या तिथे आहे. मी लॅबमध्ये जाऊन त्या दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि नुसती बघत बसले. दोघं इथून गेली तर काय होईल, ते मला स्पष्ट दिसत होतं, आणि ते पटवून द्यायला माझ्याकडे काहीही नव्हतं. मला रडू आलं.

बाजाराच्या दिवशी पदू सकाळीच आला. केसांत विटांची लाल धूळ तशीच होती. तो खाटेपाशी उभा राहिला. खाटेवर दोन वाळकी पोरं शेजारी शेजारी बसली होती.

"महादू कुठला?" त्याने विचारलं.

मथीने बोट दाखवलं.  पदूने महादूला उचललं, हाताने तोललं आणि छातीशी धरलं.

"एक चांगला दिला व्हता," तो डॉक्टरांना म्हणाला. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते ऐकवेना. "मथे, गोधडी बांध."

"पदू, मी आधीच सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. "हेच बरं होणं आहे. थोडे दिवस अजून..."

"मथे, गोधडी बांध."

मथी गोधडी बांधू लागली. तिचे डोळे वाहत होते, पण हात थांबत नव्हते. मी हे सगळं दाराबाहेरून बघत होते. माझ्या हातात सुया-नळ्यांचा ट्रे होता, दुसऱ्या एका मुलासाठी. आत जाऊन मी काय करणार होते? तरी गेले. पदूला काहीतरी सांगावं म्हणून गेले, आणि काय सांगायचं ते दार ओलांडेपर्यंत सुचलं नव्हतं.

महादूने बापाच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. कोट बघितला. ट्रे बघितला. त्याचा चेहरा आक्रसला, तोंड उघडलं, क्षणभर आवाजच फुटला नाही, आणि मग तो रडला.

तसं रडणं मी रोज ऐकत होते, पण हे त्याचं होतं. घोगरा, तुटका, न वापरलेला आवाज. दोन्ही हातांनी त्याने बापाची मान आवळली, पाय झाडले, तोंड बापाच्या गळ्यात खुपसलं आणि पुन्हा मान वर काढून, मी अजून आहे का ते बघून, आणखी जोरात रडला.

 मथीच्या हातातली गोधडी सुटली.

"महादू रडतो," ती म्हणाली. मग पुन्हा, "अरं, महादू रडतो."

पदू तसाच उभा होता. पोराची बोटं त्याच्या सदऱ्यात रुतली होती. त्याने हळूच त्याला सोडवून बघायचा प्रयत्न केला, तर पोर आणखी चिकटलं. "याच्यात एवढा जोर कुठनं आला?" त्याने विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

तेव्हा मला डॉक्टरांचा तो पहिल्या दिवशीचा प्रश्न आठवला. ज्या पोराला मी शहाणं म्हणून बिस्कीट दिलं होतं, त्याच्यात रडण्याइतकंही काही उरलं नव्हतं. म्हणून ते आईकडे मागत नव्हतं, आणि मागत नव्हतं म्हणून त्याला मिळत नव्हतं.

रडता रडता महादूने हात लांब केला. किसनच्या हातात दुधाची वाटी होती, तिच्याकडे. मथीने धडपडत दुसरी वाटी भरली आणि त्याच्या तोंडाला लावली. तो हुंदके देत, ठसकत, दोन्ही हातांनी वाटी धरून प्यायला. अर्धं दूध बापाच्या सदऱ्यावर सांडलं.

पदू खाटेवर टेकला.  गोधडी जमिनीवरच पडून राहिली.

बाजार उठायच्या सुमाराला तो एकटाच परत निघाला. जाताना जिन्याखाली माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मी त्याला आत बोलावलं, पण तो आला नाही.

"पुढच्या बाजाराला येतो," तो म्हणाला.

"ये."

तो घुटमळला. सदऱ्यावरचा दुधाचा डाग वाळून कडक झाला होता, त्यावरून त्याने हात फिरवला.

"तवा पन याला रडव," तो म्हणाला. "दोघांना."

मी हो म्हणाले.